श्रॉपशरच्या किल्ल्यावर कळंबे सर

दादाराव कळंबे सरांनी नागपूरजवळच्या सौंसरला बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या बत्तीस वर्षांत एकाही इंग्रज माणसाशी बोलायची वेळ त्यांच्यावर आली नाही. मी सहावी ते आठवी त्यांच्या वर्गात होतो. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं, पण चोख. काळाचे बाराही प्रकार झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. सौंसरमध्ये कुणाला इंग्रजीत अर्ज करायचा असला, कुठल्या कंपनीचं पत्र आलं असलं, की लोक सरळ त्यांच्या घरी जायचे. सर चष्मा लावत, पत्र दोनदा वाचत आणि सांगत, "काही घाबरायचं काम नाई. मी लिहून देतो."

ते मूळचे लोधीखेड्याचे. भाऊ अजून तिथेच संत्र्याची बाग करतो. सरांना एकच मुलगी, प्रणाली. तिने नागपूरला नर्सिंग केलं, पांढुर्ण्याच्या वीरेंद्रशी लग्न झालं आणि दोघं इंग्लंडला गेले. श्रॉपशर नावाच्या परगण्यात, वेल्सच्या हद्दीला लागून, श्रूजबरी म्हणून जुनं गाव आहे, तिथे ती एका इस्पितळात काम करते. दरवर्षी ती आईबाबांना बोलवायची आणि दरवर्षी सरांच्या पत्नी यमुनाकाकू काहीतरी कारण काढायच्या. शेवटी २०२४ च्या जुलैमध्ये दोघं गेले.

पुढे जे झालं ते मला सरांनीच सांगितलं, एकदम नाही, सहा-सात बैठकींत. मी ते सलग करून लिहितो आहे.

पहिले तीन आठवडे घरातच गेले. प्रणालीच्या घराचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागायचं, म्हणून दोघं अंगणातही जायला भीत. शेगडीला जाळ नव्हता, नुसती काळी काच. काकूंनी एकदा तिच्यावर हात टेकला आणि भाजून घेतला. सर मला म्हणाले, "सौंसरमध्ये माझं कोणतंही काम कधी अडलं नाई. अन् तिथी मले गरम पाणी पाहिजे असलं तरी पोरगी ड्यूटीवरून येईपर्यंत वाट पाहा लागे."

ऑगस्टमध्ये प्रणालीने चार दिवस सुट्टी काढली. कित्येक महिन्यांनी मिळालेली सुट्टी होती. वीरेंद्रला रजा नव्हती, म्हणून ही एकटीच आईबाबांना गाडीतून फिरवायला निघाली. पहिल्या दिवशी नदीवरचा लोखंडी पूल दाखवला, अडीचशे वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी लडलो नावाचं गाव, तिथली काळ्या लाकडांची आणि पांढऱ्या भिंतींची वाकडी घरं. सर हरखले होते. पुस्तकातले मेडो, मोट, कॉटेज हे शब्द त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना नुसत्या कल्पनेवर समजावले होते. मेडो म्हणजे कुरण, मोट म्हणजे खंदक. आता ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होतं.

काकूंना वेगळेच प्रश्न पडत. "इथी माणसंच नाई दिसत वं," त्या प्रणालीला म्हणत. "मेंढ्याच दिसते. अन् हे लोक शेतात पेरते तरी काय?"

तिसऱ्या दिवशी किल्ला पाहायचा होता. टेकडीवरचा, आठशे वर्षांचा, अर्धा पडलेला. सरांनी आदल्या दिवशी प्रणालीच्या लॅपटॉपवर त्याची सगळी माहिती वाचून ठेवली. आपल्या भागातल्या देवगडचा, गोंड राजांचा किल्ला त्यांनी तरुणपणी पाहिला होता, तेव्हापासून त्यांना पडक्या तटबंदीची ओढ होती.

त्या दिवशी सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात दोघंच होते. प्रणाली वर तयार होत होती. काकूंच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि ओट्यावर आडवा झाला. फुटला नाही. काकू हाताकडे पाहत राहिल्या.

"अहो, हाताले मुंग्या येऊन राहिल्या," त्या म्हणाल्या. "बोटं आपली नाई असं वाटून राहिलं."

सरांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला. "थंडी आहे इथली. ऊन निघालं की जाईन."

"प्रणालीले सांगू का?"

"नको सांगू. ती घाबरते अन् मंग फिरणं कॅन्सल करते. चार दिवसाची सुट्टी आहे तिची."

काकूंनी ओटा पुसला. पाच-सात मिनिटांत मुंग्या गेल्या. हात नीट झाला. सरांना बरं वाटलं, आणि ते ती गोष्ट विसरूनही गेले.

किल्ल्यापर्यंत वीस मैल. गाडी खाली गावात लावून दगडी वाटेने चढायचं होतं. काकू हळूहळू, मध्ये थांबत चढल्या. वर पोचल्यावर प्रणालीने त्यांना तटाला लागून असलेल्या बाकावर बसवलं. समोर दरी, दरीत शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे, पलीकडे वेल्सचे डोंगर. काकू बाहेरचं खात नव्हत्या म्हणून प्रणालीने घरून धपाटे आणले होते, पण पिशवी गाडीतच राहिली होती.

"बाबा, मी पिशवी घेऊन येते. पंधरा मिनिटं. तुम्ही इथंच बसा, कुठं जाऊ नका."

ती उतरून गेली. वर दुसरं कुणी नव्हतं. सर पडक्या बुरुजाकडे बोट दाखवून काकूंना सांगत होते की धनुष्यबाण मारायला भिंतीत अशा उभ्या फटी ठेवत. काकूंनी हुंकार दिला नाही. सरांनी वळून पाहिलं तर काकूंचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात मांडीवरून घसरून बाकाखाली लोंबत होता. त्या काहीतरी बोलत होत्या, पण ते शब्द नव्हते.

"यमुने. काय झालं वं? यमुने."

काकू डाव्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहत होत्या.

सरांनी खिशातून फोन काढला. त्या टेकडीवर फोनला रेंज नव्हती. तिकडच्या डोंगराळ भागात ते नेहमीचंच आहे, हे त्यांना नंतर कळलं. त्यांनी प्रणालीचं नाव तीनदा दाबलं. मग हाका मारल्या. वाट तटाच्या मागून खाली जात होती, आवाज पोचण्यासारखा नव्हता. धावत जाऊन प्रणालीला गाठावं, तर काकू बाकावरून पडतील. बसून राहावं, तर पंधरा मिनिटं. सर दोन पावलं वाटेकडे गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. असं किती वेळा केलं ते त्यांना आठवत नाही.

तेवढ्यात कमानीतून एक म्हातारं जोडपं आलं. माणसाच्या डोक्यावर कापडी टोपी, बाईच्या हातात काठी. सर त्यांच्याकडे धावले. माझी बायको आजारी आहे, मदत बोलवा. सहावीच्या पोराला येईल असं वाक्य. पण सरांच्या तोंडून ते वाक्य निघेना.

"प्लीज, सर," ते म्हणाले. "काइंडली. माय वाइफ. काइंडली, सर." आणि त्यांनी फोन त्या माणसापुढे धरला. यावरून फोन लावा, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्या माणसाला ते वेगळंच वाटलं. तो प्रसन्न हसला, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स," म्हणाला, फोन घेतला आणि दोन पावलं मागे सरकला. मग त्याने हाताने खूण केली, जवळ व्हा, आणखी जवळ.

इथे पोचले की सर प्रत्येक वेळी थांबायचे. "अन् मी काय केलं माहीत आहे?" त्यांनी मला विचारलं. "मी जाऊन तिच्या बाजूले उभा राहिलो. तो माणूस सांगून राहिला म्हणून. मले वाटलं, तो फोन लावून राहिला अन् आपल्याले सरकून घ्या म्हणून राहिला. मी सरकलो."

त्याने फोटो काढला. आणखी एक काढला. मग त्या बाईचं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने काठी टाकली, पुढे येऊन काकूंना खांद्याला धरलं आणि नवऱ्याला जोरात काहीतरी म्हणाली. तो म्हातारा त्या दगडी वाटेवरून खाली पळत सुटला.

प्रणाली वर आली तेव्हा पिशवी तिच्या हातात होती. ती तिने कुठे टाकली ते तिलाही कळलं नाही. काकूंपुढे गुडघे टेकून ती म्हणाली, "आई, हात वर कर. दोन्ही हात. माझ्याकडं पाहून हस." काकूंचा डावा हात वर आला. प्रणालीने घड्याळ पाहिलं. बारा वाजून पस्तीस मिनिटं.

म्हाताऱ्याने खाली गावातून फोन लावला होता. पण जवळचं मोठं इस्पितळ पाऊण तासावर, रस्ते एकेरी, झाडांच्या कुंपणांमधून जाणारे. अँब्युलन्स यायला दीड वाजला. तोवर प्रणाली आईला कुशीवर आडवं करून, डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रोज दुसऱ्यांच्या आयांना जे करते, त्यातलं आत्ता करण्यासारखं काहीच नव्हतं. वाट पाहणं तेवढं होतं. तिने वडिलांना एवढंच सांगितलं, "बाबा, मेंदूत गाठ अडकली आहे रक्ताची. ती विरघळवायचं इंजेक्शन असते. साडेचार तासांच्या आत द्यावं लागते. त्याच्यानंतर देत नाई, रक्त फुटते मेंदूत. आपण टायमात आहो."

साडेचार तास. सरांनी ते ऐकलं आणि स्वयंपाकघरातला तो कप त्यांना आठवला.

अँब्युलन्समध्ये एकालाच जाता येत होतं. प्रणाली गेली. सरांना त्या म्हाताऱ्या जोडप्याने आपल्या गाडीत घेतलं. पाऊण तासाचा रस्ता होता. बाईने एकदा मागे वळून पेपरमिंटची गोळी दिली. सरांनी ती हातात धरून ठेवली. बाहेर पुन्हा तीच कुरणं, त्याच मेंढ्या. सर मनात हिशोब करत होते. साडेसातपासून धरलं तर बारालाच साडेचार तास संपले. बारा वीसपासून धरलं तर चार पन्नासपर्यंत वेळ आहे. आपण गप्प बसलो तर इंजेक्शन मिळेल. बोललो तर मिळणार नाही. आणि गप्प बसलो, आणि त्या इंजेक्शनानेच तिच्या मेंदूत रक्त फुटलं तर? विचारायला सोबत कुणी नव्हतं. गाडी चालवणाऱ्या त्या भल्या माणसाचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

इस्पितळात काकूंना मेंदूचे फोटो काढायच्या यंत्रातून बाहेर आणलं होतं. एक तरुण डॉक्टरीणबाई प्रणालीशी बोलत होत्या. सर दारात पोचले तेव्हा बाई विचारत होत्या, यापूर्वी त्या पूर्ण बऱ्या होत्या, असं शेवटचं कधी पाहिलं? प्रणालीने सांगितलं, बारा वाजेपर्यंत अगदी ठीक होत्या, सकाळपासून ठीक होत्या.

सरांना प्रश्न समजला होता. उत्तरही समजलं होतं.

"मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "हे बरोबर नाही. सकाळी साडेसातला तिच्या उजव्या हातातून कप पडला. हात बधिर झाला होता."

या वेळी त्यांचं इंग्रजी बाईंना एका झटक्यात कळलं. प्रणालीने वडिलांकडे वळून पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली, सरांना बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं. हात किती वेळ बधिर होता? नंतर पूर्ण सुधारला का? नक्की पूर्ण? कशावरून म्हणता?

कशावरून. मग सरांना गाडीतली गोष्ट आठवली. दहाच्या सुमारास काकूंचा अंबाडा सुटला होता आणि त्यांनी तो पुन्हा बांधला होता. दोन्ही हात मागे नेऊन, केसांना पीळ देऊन, आकडे तोंडात धरून एकेक खोचत. सर शेजारीच बसले होते. त्यांनी उठून हातांनी ते करून दाखवलं. टक्कल पडलेल्या डोक्यामागे अंबाडा कसा बांधला ते. तिथे दोन नर्स होत्या, त्या पाहत होत्या. कुणी हसलं नाही.

"यू आर सर्टन?" बाईंनी विचारलं.

"येस."

"यू आर अब्सोल्यूटली सर्टन?"

सर म्हणाले, येस. मला मात्र ते म्हणाले, "मी खोटं नाई बोललो. अंबाडा बांधतानी मी पाहिलं होतं. पण मले ते आठवून राहिलं होतं का मले पाहिजे होतं म्हणून आठवलं, हे मी आजही नाई सांगू शकत."

बाई दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. सकाळचा झटका पूर्ण ओसरला असेल तर वेळ दुपारपासून धरता येते, असं ठरलं. साडेतीनला इंजेक्शन दिलं. सर बाहेरच्या बाकावर बसून होते. सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीला त्यांनी नवस बोलला, जे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पोरांना ते नवसाबद्दल रागवायचे.

काकू वाचल्या. रक्त फुटलं नाही. पण गाठ अर्धीच विरघळली होती. उजवा पाय ओढत का होईना चालेल, हात चालायची आशा कमी. आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला, "घ्या." आयुष्यभर ताट पुढे करताना, पाणी देताना, पिशवी हातात देताना म्हटलेला. नर्सने नाव विचारलं की काकू म्हणत, "घ्या." दुखतं का विचारलं की, "घ्या." रडतानाही तेच.

चौथ्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात प्रणाली वडिलांजवळ येऊन उभी राहिली. तोवर ती कामापुरतंच बोलत होती.

"बाबा, मी रोज हेच काम करते. हाताले मुंग्या आल्या एवढं जरी सांगतलं असतं ना, तर मी तिले किल्ल्यावर नेलीच नसती. सरळ इथं आणली असती."

"मले माहीत नव्हतं बेटा."

"तुमाले माहीत नव्हतं. मले माहीत होतं. मी वरच्या खोलीत होती."

एवढंच बोलून ती आत गेली. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही.

वीरेंद्रने सासऱ्यांचा फोन चार्ज करायला घेतला तेव्हा त्यात ते दोन फोटो दिसले. पुसून टाकू का, त्याने विचारलं. सर म्हणाले, राहू दे. मला त्यांनी ते दाखवले. मागे तट, वर निळं आभाळ. काकूंचा हात लोंबतो आहे आणि सर ताठ उभे आहेत, शाळेच्या ग्रुप फोटोत उभे राहायचे तसे.

नऊ आठवडे काकू इस्पितळात आणि मग पुनर्वसनाच्या वॉर्डात होत्या. बोलणं शिकवायला एक बाई यायची. तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. टोस्टर, बर्फाचा माणूस, चर्च. काकू त्या चित्रांकडे परक्यासारख्या बघत. सरांनी सांगितलं की या वस्तू हिच्या घरात कधी नव्हत्याच. मग वही मागून घेऊन त्यांनी स्वतः चित्रं काढली. सूप, झारा, खलबत्ता, संत्रं, उभी फोडलेली भेंडी. चित्रकला त्यांना येत नव्हती. सूप होडीसारखं झालं. रोज दुपारी दोन ते चार ते एकेक पान उलटत आणि विचारत, "हे काय आहे? सांग. सू. सू." काकू त्यांच्या ओठांकडे पाहत, कपाळाला आठ्या घालत, सगळं बळ एकवटत आणि म्हणत, "घ्या." एका दुपारी सरांनी वही आपटली. बत्तीस वर्षांत वर्गात त्यांनी पुस्तक आपटलं नव्हतं. काकूंनी डाव्या हाताने ती उचलून त्यांच्यापुढे केली. "घ्या," त्या म्हणाल्या. तेव्हा तो शब्द अर्थासकट आला होता, की नेहमीसारखा नुसताच निसटला होता, ते कळायला मार्ग नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी दोघं परत आले. नागपूरहून गाडीने सौंसर. सगळी गल्ली भेटायला आली. लोक आधी काकूंजवळ बसत, हळहळत, आणि मग हळूच सरांना विचारत, "बाकी इंग्लंड कसं आहे, सर?" सर सांगत, "चांगलं आहे. हिरवं आहे." अर्ज लिहून घ्यायला येणारे अजून येतात. सर लिहून देतात, पण आता प्रत्येक वाक्य लिहिल्यावर त्या माणसाला विचारतात, "तुमाले हेच म्हणायचं आहे ना?"

फेब्रुवारीत प्रणाली बारा दिवसांसाठी आली. सर वाट पाहत होते की ती काही बोलेल. भांडली असती तरी चाललं असतं. ती भांडली नाही. तिने संडासाच्या भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली, पायरीला उतार करून घेतला, औषधांच्या डब्यांवर सोमवार, मंगळवार लिहिलं. आईला रोज न्हाऊ घातलं, मालिश केलं. काकूंना तोवर चार-पाच शब्द परत मिळाले होते. "पाणी", "जा", "बाई" आणि असेच. प्रणालीचं नाव त्यात नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने वडिलांना ओसरीत बसवलं आणि बीपीचं यंत्र शिकवलं. पट्टा कुठे बांधायचा, हात टेबलावर कसा ठेवायचा, मोजताना रुग्णाशी का बोलायचं नाही.

"रोज सकाळी मोजून मले पाठवा," ती म्हणाली. "एक दिवसही चुकवू नका. अन् काही वेगळं वाटलं, काहीही, तर फोन करा."

"करतो," सर म्हणाले.

ते आणखी काही म्हणणार होते. ती पट्टा गुंडाळत होती. तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारल्यासारखा आवाज केला आणि ती उठून गेली.

तेव्हापासून सर रोज सकाळी सातला काकूंचा पट्टा बांधतात, आकडे कागदावर उतरवतात आणि फोनवरून पाठवतात. तिकडे ती उठली की उत्तर येतं, "ठीक." कधी आकडा वर असला तर, "गोळी दिली का?" सर लिहितात, "दिली." परवा मी बसलो होतो तेव्हा दुपारी फोन वाजला. सरांनी चष्मा लावून पाहिलं, मला दाखवलं. "ठीक." तेवढाच एक शब्द होता. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि काकूंना पाणी द्यायला आत गेले.